नारळी पौर्णिमेपर्यंत कपात झावळी: आधी कोणाची?

सुरुबन (गुहागर), २ जून

यांत्रिक बोटींची मासेमारी कालपासून बंद झाली. आता ६१ दिवस समुद्र मोकळा. आंब्याची आवराआवरही संपली. दर पावसाळ्यात मी हाताला काहीतरी नवं काम लावतो. गेल्या वर्षी एस्प्रेसो मशीन घेतलं तेव्हा वाटलं होतं की शॉट, म्हणजे मशीनमधून निघणारी घोटभर कडक कॉफी, जमला की झालं. शॉट जमला. १८ ग्रॅम कॉफी आत, ३६ ग्रॅम बाहेर, २८ सेकंद, वर क्रेमा, म्हणजे कॉफीचा स्वतःचा तांबूस दाट फेस. पण त्यावर फेसाळलेलं दूध ओतून नक्षी काढायला गेलं की पांढरा डाग. वर्षभर, रोज, पांढरा डाग.

मग मार्चमध्ये आपल्या इथल्या बंदरवाट यांनी मालवणातून कॉफीवर दुधाने काढलेल्या बदामाचा फोटो टाकला. काय तो बदाम! कड स्वच्छ, टोक बरोबर मध्यावर. मी तो मोठा करून करून पाहिला. त्या दिवसापासून मला चैन नाही, हे उघड सांगतो. मालवणला जमतं ते गुहागरला का जमू नये?

म्हणून आव्हान देतोय. बदाम नाही, त्याच्या पुढचं. ज्याला कॉफीवाले रोझेटा म्हणतात ते, मधे शीर आणि दोन्ही बाजूंना पात्या. कोणी त्याला नेच्याचं पान म्हणतात, पण आपल्या अंगणात गळून पडलेली झावळी बघा, तीच ती. मी झावळीच म्हणणार.

हे आलं कुठून ते वाचत होतो. सिएटलच्या एस्प्रेसो विवाचे या कॅफेचे डेव्हिड शोमर यांनी ही कला अमेरिकेत रुजवली. बदाम १९८९ पर्यंत त्यांच्या हातात बसला होता. रोझेटा त्यांनी १९९२ मध्ये बसवला, तोही इटलीतल्या एका कॅफेचा फोटो बघून. मधे तीन वर्षं गेली आणि समोर होता फक्त एक फोटो. आपल्याकडे व्हिडिओ आहेत, एकमेकांचे फोन आहेत. नारळी पौर्णिमा गाठता येईल.

काडीने किंवा टूथपिकने कोरायचं नाही, जे उमटेल ते ओतण्यातूनच. रविवारी सकाळी फोटो, ओतल्या ओतल्या काढलेला. दोन्ही बाजूंना निदान पाच पात्या, मधली शीर अखंड. जो आधी काढेल त्याला मानाचा नारळ, माझ्या बागेतला, मी स्वतः पोचवणार.

बंदरवाट (मालवण)

नारळ मालवणाक येतलो, आतापासून सांगून ठेवतंय. सुरुबनदादानू, आव्हान दिलात ह्या बरा केलात. माका पण बदामाच्या फुडे जावचा होता. रविवारी कप दाखवतंय.

जांभा (पावस)

मी स्पर्धेत उतरत नाही, पण धागा सोडणार नाही. माझं शिक्षण दुग्धतंत्रातलं आहे, त्यामुळे एकच विचारतो. सुरुबन, दूध कोणतं वापरता? आणि डाग कसा पडतो तेवढं नीट सांगा. पसरतो, की गठ्ठा पडतो?

सुरुबन

गठ्ठा. पिचर, म्हणजे दूध ओतायचं चोचीचं भांडं, तिरका केला की आधी पातळ दूध येतं, कप अर्धा भरतो, आणि मग वरचा फेस एकदम धप्पकन पडतो, खोबऱ्याच्या वडीसारखा. दूध रतीबाचं, म्हशीचं. सकाळी सातला येतं, आई तापवते, मी नऊ-साडेनऊला साय बाजूला करून घेतो. दूध एकदम चांगलं आहे, साय बोटभर येते.

जांभा

साय बोटभर येते, तिथेच उत्तर आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हाताचा सराव करत बसण्याआधी हे कळलं पाहिजे.

फेस म्हणजे दुधात अडकवलेली हवा. ती धरून ठेवतात प्रथिनं, केसीन आणि निवळीतली. चरबीने चव येते, तोंडात मऊ लागतं, पण फेस धरायच्या कामात ती मदत करत नाही. आपल्याकडे गाईच्या दुधाला ३.२ टक्के आणि म्हशीच्या दुधाला ५ टक्के चरबी हे किमान प्रमाण धरतात. म्हशीच्या दुधात प्रथिनंही जास्त असतात, त्यामुळे म्हशीच्या दुधाचा फेस होतच नाही असं कोणी म्हणेल तर ते चूक आहे. होतो, आणि दाट होतो. पण शिकताना तो जड पडतो, लवकर घट्ट होतो आणि हाताला वेळ देत नाही.

दुसरी गोष्ट रतीबाची. कच्चं दूध किटलीत, बाईकवर, खड्ड्यांतून येतं. कच्चं असताना ते असं घुसळलं गेलं की चरबीच्या कणांवरचं पातळ आवरण फाटतं. दुधात लायपेझ नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते उघड्या पडलेल्या चरबीवर काम करतं आणि मोकळी फॅटी ॲसिडं तयार होतात. ही बुडबुड्याच्या कडेला प्रथिनांची जागा घेतात. मग फेस येतो, पण टिकत नाही. चवीत फरक कळायच्या आधी फेसात कळतो.

तिसरी गोष्ट, साय काढली तरी तिचे बारीक कण दुधात राहतात. प्यायला काही वाटत नाही, पण झावळीच्या पात्या काढताना तेच कण रेषा तोडतात.

तेव्हा निदान महिनाभर पिशवीचं गाईचं दूध घ्या. पाश्चराइज्ड म्हणजे ७२ अंशांवर १५ सेकंद धरून लगेच थंड केलेलं. ते पुन्हा तापवू नका. फ्रीजमधून काढून थेट पिचरमध्ये. दूध जितकं गार, तितका तुम्हाला हवा घालायला आणि फेस मऊ करायला वेळ मिळतो. सुरुवात ४-५ अंशांवर, वाफ बंद ६० च्या आसपास. ७० च्या पुढे गेलं की शिजल्याचा वास येतो आणि गोडवा मागे पडतो.

सुरुबन

जांभाकाका, हे कोणी आधी सांगितलं असतं तर वर्ष वाचलं असतं. मनापासून आभार. आता अडचण घरातली. पिशवीचं असो नाहीतर रतीबाचं, न तापवलेलं दूध आई कोणाला देत नाही. तिचंही बरोबर आहे, तिने आयुष्यभर दूध तापवूनच सगळ्यांना वाढवलंय. शेवटी अर्ध्या लिटरची एक पिशवी फ्रीजच्या दारात वेगळी ठेवायची, तिला कोणी हात लावायचा नाही, असं ठरलं. पिशवीला मी दोरा बांधतो, ओळखू येण्यासाठी.

खाडीकाठ (दाभोळ)

मला यात घ्याल का? माझ्याकडे विजेचं मशीन नाही. हाताने दाबायचं लिव्हर आहे, पाणी गॅसवर उकळते. वाफ नाही म्हणून दूध पातेल्यात साठ अंशांपर्यंत गरम करते आणि फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे जाळीचा दांडा असलेल्या कॉफीच्या भांड्यात, दांडा वर-खाली करून फेसाळते. आधी दहा-बारा वेळा वरच्या वर, मग जाळी खाली बुडवून सावकाश. बदाम दोनदा जमला आहे.

बंदरवाट

ताई, वाफ नसताना बदाम? माझ्या बाजून होकार.

किनारपट्टी (अलिबाग)

मला हे पटत नाही. वाफेने फेस बारीक करणं हा या कलेचा अर्धा भाग आहे. मशीनच्या वाफेच्या नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकवायचं, कागद फाटल्यासारखा चर्र चर्र आवाज तीन-चार सेकंद, मग टोक किंचित खाली आणि पिचर तिरका करून भोवरा. आम्ही हे शिकायला महिने घालवतो. दांडा हलवून तेच मिळत असेल तर स्पर्धा सारखी कशी?

खाडीकाठ

तुमचा मुद्दा मी समजते. पण दांड्याने फेस सोपा येतो असं नाही. वाफ दूध गरम करता करता फेस मऊ करत असते, माझं दूध त्याच वेळात गार होत असतं. आणि मोठे बुडबुडे मोडायला भोवरा नसतो, पिचर ओट्यावर आपटून आणि गोल फिरवून ते काम करावं लागतं. दुधाला ओल्या ऑइलपेंटची चकाकी आली पाहिजे ही अट दोघांना सारखीच आहे. कप बघून ठरवा.

जांभा

नियमात लिहिलंय "ओतण्यातूनच". फेस कसा आला याबद्दल नियम नाही. ताईंना घ्या.

किनारपट्टी

बरोबर. माझा आक्षेप मागे घेतो. ताई, या.

सुरुबन

पहिला रविवार. फोटो बघा. गठ्ठा गेला! पांढरं आता क्रेमावर तरंगतंय, फिरतंय. झावळी नाही, बदामही नाही, कांद्यासारखं काहीतरी आहे. पण दूध आणि कॉफी यांची सीमा पहिल्यांदा स्पष्ट दिसली. जांभाकाका, दूधच होतं ते.

बंदरवाट, तुमच्या कपात तीन पात्या मोजल्या मी. तीन! मला झोप येणार नाही आज.

खाडीकाठ

सुरुबनदादा, फोटोत तुमचा क्रेमा वरून फिका झालाय. म्हणजे सुरुवातीपासून पिचर कपाच्या फार जवळ होता. मला हे आजीकडे बघून कळलं, म्हणून सांगते.

आजी घावन घालते तेव्हा पीठ वाटीतून वरून सोडते, बिडाच्या तव्यावर कडेकडेने. उंचावरून पडलं की जाळी पडते. आणि जिथे भोक मोठं राहिलं तिथे वाटी तव्याजवळ आणून अलगद भरते. दोन उंची, दोन कामं. कपाचंही तसंच. आधी चार बोटं उंचावरून बारीक धार, ती क्रेमाच्या खाली जाते आणि वरचा रंग तसाच राहतो. कप अर्ध्याहून जास्त भरला की पिचरची चोच अगदी खाली, जवळजवळ कॉफीला टेकेपर्यंत. मग पांढरं बुडत नाही, वर येतं. कप पिचरकडे तिरका धरलेला असेल तर चोच आणखी जवळ जाते.

आणि ते पांढरं वर येतं तो क्षण बघा. आधी तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका दिसतो, चोचीच्या बरोबर खाली. तो दिसेपर्यंत हात हलवायचा नाही. सारवलेल्या अंगणात रांगोळीची चिमूट सोडताना आजी आधी ठिपका टेकवते आणि मगच बोटं ओढते. तपकिरीवर पांढरं, आपल्या हाताला हे नवीन नाही.

बंदरवाट

ताईनू, ह्या वाचून मी उठून एक कप करून बघलंय. ठिपको दिसापर्यंत थांबलंय. चार पाती इली.

किनारपट्टी

दूध फार खर्च होत असेल त्यांच्यासाठी: सरावाला पिचरभर गार पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब, आणि वाफ द्या. फेस बराच दुधासारखा वागतो. कपात कोको पावडर कालवलेलं पाणी. झावळीचा हात यावरच बसवला मी. नंतर नळीतून वाफ सोडून ती नीट पुसून घ्या, नाहीतर पुढच्या कपात साबण. रोज अर्धा लिटर दूध मोरीत ओतताना मला फार वाईट वाटायचं, म्हणून हा मार्ग धरला.

सुरुबन

जुलै. चार दिवस संततधार, भिंतींना ओल आली आहे, कपडे वाळत नाहीत, आणि माझा शॉट बिघडलाय. कॉफी दळायचा ग्राइंडर मेमध्ये ज्या खुणेवर होता तिथेच आहे, पण २८ सेकंदांचा शॉट आता ३९ सेकंद घेतोय. क्रेमा काळपट, चव कडू. कडू, काळपट क्रेमावर झावळी काढून काय करू?

जांभा

दमट हवेत बिया आणि दळलेली कॉफी दोन्ही ओलावा ओढतात, पाण्याची वाट अडते. दळण किंचित जाडसर करा, एका वेळी एकच खूण. बिया हवाबंद डब्यात, आणि लागतील तेवढ्याच दळा. आपल्या पावसाळ्याचा एक फायदा मात्र आहे. कोरड्या हवेत ग्राइंडरमध्ये स्थिर वीज तयार होते, पूड सगळीकडे चिकटते, म्हणून लोक बियांवर पाण्याचा थेंब शिंपडतात. आपल्याला जुलैत त्याची गरज नाही.

आणि जमल्यास या महिन्यात मॉन्सून्ड मलबार ही कॉफी मागवून बघा. पूर्वी शिडाच्या जहाजांतून मलबार किनाऱ्यावरची कॉफी केप ऑफ गुड होपला वळसा घालून युरोपात जायची. कित्येक महिने खारी दमट हवा लागून बिया फुगायच्या, रंग फिका पिवळसर व्हायचा, आंबटपणा जायचा. तिकडच्या लोकांना तीच चव आवडायला लागली. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला, प्रवास आटोपशीर झाला आणि ती चव गेली. म्हणून आता पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या हवेशीर गोदामांत बिया पसरून, मोसमी वारा देऊन मुद्दाम तसं करतात. आंबटपणा कमी, तोंडात दाट, क्रेमा भरपूर. झावळीला अशीच जमीन पाहिजे.

बंदरवाट

म्हणजे जो वारो आमच्या कौलांवरसून जाता तोच. मागवतंय.

खाडीकाठ

आमच्याकडे कालपासून वीज नाही. मेणबत्तीच्या उजेडात कप केला. लिव्हरला आणि गॅसला विजेचं काही देणंघेणं नाही. ट्रेमध्ये बर्फ होता, त्यात दुधाची पिशवी पुरून ठेवली होती. पाच पात्या आल्या, पण मधली शीर अर्ध्यात तुटली. फोटो अंधुक आहे आणि रविवारही नाही, म्हणून धरू नका. फक्त सांगावंसं वाटलं.

एक विचारायचं आहे. आमची विहीर खाडीपासून जवळ, उन्हाळ्यात पाणी मचूळ होतं. लिव्हरमध्ये चालेल का?

जांभा

नको. क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही खातं आणि खारट पाण्याचा शॉट चांगला लागणारच नाही. पावसाळ्यात विहीर गोडी होते, तेव्हा ठीक. उन्हाळ्यात पिण्याचं पाणी बाहेरून आणत असाल तर तेच वापरा. सड्यावर जांभ्यातल्या विहिरींचं पाणी उलट फार मऊ असतं, मशीनमध्ये क्षार साचत नाहीत, पण कॉफी जरा सपक लागते. मी माझ्याकडे थोडं बाटलीबंद मिनरल पाणी मिसळतो.

सुरुबन

सहा आठवडे झाले. माझ्या पात्या चार आणि त्याही सगळ्या डावीकडे झुकलेल्या. बंदरवाट पाचवर आहेत पण शीर वाकडी. खाडीकाठ पाच, शीर तुटकी. नारळ अजून माझ्या पडवीत टांगलेला आहे.

काल रात्री बंदरवाट यांचा फोन आला. व्हिडिओ लावा म्हणाले, ओतून दाखवा. मी ओतलं. ते म्हणाले, तुम्ही कोपरापासून हलवताय, मनगट मोकळं सोडा, पिचर दोन बोटांत आणि अंगठ्यात सैल धरा, दुधाला आतल्या आत झुलू द्या, मागे सरकायचं ते हळू. मग त्यांनी स्वतः तीनदा ओतून दाखवलं, रात्री साडेदहाला, स्वतःचं दूध घालवून. मी विचारलं, मला का शिकवताय, मी तर तुम्हाला हरवायला बसलोय. ते म्हणाले, "वाकड्या झावळेक हरवून माका काय मिळताला?" तेव्हापासून माझी ईर्षा दुप्पट झाली आहे आणि त्यांच्याबद्दलचा जिव्हाळाही.

आज सकाळी पात्या सरळ पडल्या. सहा मोजल्या. शेवटी धार उचलून शीर ओढताना घाई झाली आणि पांढऱ्याचा अर्धा भाग शिरेबरोबर ओढला गेला.

किनारपट्टी

शीर ओढताना पिचर आधी वर उचला, धार दोऱ्यासारखी बारीक करा, आणि मगच पुढे न्या. जाड धार झावळी फाडते. माझं तिथेच महिनाभर अडलं होतं.

खाडीकाठ

आज रविवार. फोटो टाकते. उजवीकडे सात, डावीकडे सात, शीर टोकापर्यंत. शीर ओढताना किनारपट्टींचं वाक्य मनात म्हणत होते: आधी वर, मग पुढे. ओतून झाल्यावर माझा हात थरथरायला लागला, ओतताना नाही.

बंदरवाट

ताई! ताई! माज्या आवशीक दाखवलंय फोटो. ती म्हणता, ही तर चुडतासाठी तोडलेली झावळ. नारळ तुमचो.

किनारपट्टी

मी सुरुवातीला आक्षेप घेतला होता, म्हणून आधी मीच सांगतो. ही झावळी निर्विवाद आहे. फेस इतका बारीक की कडेला एकही बुडबुडा नाही. फ्रेंच प्रेसने हे होतं हे मी आज शिकलो. अभिनंदन!

जांभा

फोटो पुन्हा पुन्हा बघतोय. कॉफीचा तपकिरी रंग प्रत्येक पातीच्या मधून शेवटपर्यंत आलाय. दूध योग्य क्षणी ओतलं गेलं, ना घट्ट ना पातळ. फार आनंद झाला.

सुरुबन

खाडीकाठताई, मनापासून अभिनंदन. मला जिंकायचं होतं, खूप जिंकायचं होतं. पण हा कप बघून काही बोलायला जागा नाही. माझी झावळी दोन दिवसांनी आली, मंगळवारी, सहा-सहा पात्यांची. आईला दाखवली. तिने कप हातात घेऊन खिडकीजवळ नेऊन बघितला, मग म्हणाली, दोरा बांधलेली पिशवी संपली, उद्या दोन आण.

नारळी पौर्णिमेला सकाळी धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला येतो. पाऊस असला तरी येतो. नारळ शेंडीसकट आहे, हळदकुंकू लावून आणतो.

सुरुबन

पोचवला. खाडी गढूळ होती, पण वारा पडला होता. ताईंनी पडवीत लिव्हर मांडून ठेवलं होतं, दूध बर्फात. माझ्यासमोर ओतलं. मी दोन महिने फोटोत बघत होतो ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं: चोच खाली आली, ठिपका उगवला, आणि हात जवळजवळ न हलता पात्या एकामागून एक सुटत गेल्या, जणू कपाच्या तळातूनच वर येत होत्या. आजींनी घावन केले होते, सोबत नारळाचा रस. त्यांनी वाटी वर धरून पीठ सोडलं तेव्हा आम्ही दोघं गप्प राहून बघत होतो.

बंदरवाट यांनी फोनवरून सगळं पाहिलं आणि तिथूनच पुढचं आव्हान दिलं: दिवाळीपर्यंत हंस. मान आणि पंखासकट. नारळ दाभोळला देवापुढे आहे. ज्याचा हंस आधी येईल, त्याच्याकडे ताई पोचवतील. मी आज रात्रीच सुरू करतोय.